ओढणीआडचा चिमटा

परवा ओळखीतल्या एक मावशी घरी आल्या होत्या. चहा झाला, चिवडा झाला, त्यांच्या सुनेची नोकरी आणि दिरांचं गुडघ्याचं ऑपरेशनही बोलून झालं. तेवढ्यात आमची साडेचार वर्षांची लेक आतून आली, कमरेवर हात ठेवून मावशींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आलात की आईचे दोन तास जातात."

शब्द माझे. कमरेवरचे हातसुद्धा माझेच.

मी हसले, सासूबाई हसल्या, नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून हसला. मावशी सगळ्यांत मनापासून हसल्या. "मग आज दीडच तास बसते गं बाई," म्हणाल्या. बाई मोठ्या मनाची! मी मात्र पोरीला जवळ ओढलं, ओढणीआड तिच्या दंडाला चिमटा काढला आणि वर म्हणाले, "कुठून शिकते कोण जाणे!"

हे "कुठून शिकते" फार सोयीचं आहे. शाळेची व्हॅन, सोसायटीतली मुलं, कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा, यूट्यूब. संशयितांच्या यादीत घरातलं कुणी कधी नसतंच. गेल्या वर्षी तिच्या तोंडून एक शिवी आली, तेव्हा आम्ही दोन दिवस व्हॅनवाल्या काकांवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी नवरा गाडी चालवत होता, समोर रिक्षा आडवी आली आणि उलगडा झाला. काकांना जाब विचारायला गेलो नव्हतो, तेवढीच अब्रू राहिली.

त्या शिवीचं पुढे काय झालं, तेही सांगते. पहिल्यांदा ती बोबडी शिवी ऐकून आजोबांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग काकाला व्हिडिओ कॉल लावून "परत म्हण, परत म्हण". त्या संध्याकाळी तिने ती सात-आठ वेळा तरी म्हटली असेल. आठवड्याने एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत म्हटली तर फटका बसला. शब्द तोच, माणसं तीच. तिने यातून काय समजायचं?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला होता. बुडाला वजन असलेली, ढकलली की परत उभी राहणारी फुगवलेली बाहुली. काही मुलांसमोर एक मोठं माणूस तिला हातोडीने मारायचं, लाथाडायचं आणि तोंडाने बडबडायचं. नंतर त्यांतल्या बऱ्याच मुलांनीही बाहुलीला तसंच मारलं, वर काहींनी त्या माणसाचे शब्दही म्हटले. (ती बाहुली मुळात ठोसे मारायलाच बनवलेली असते, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो मला पटतो.) पण मला जास्त टोचतो तो त्याचा 1965 सालचा प्रयोग. त्यात मारणाऱ्याला शिक्षा होते अशी फिल्म ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग "पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनाही बाकीच्या मुलांइतकंच येत होतं! धाकाने गोष्ट विसरली गेली नव्हती, फक्त आत जाऊन बसली होती.

आणि मुलं म्हणजे नुसती पोपटपंची, असंही नाही. आमची कित्येक महिने "मी करलं" म्हणायची. घरात कुणी "करलं" म्हणत नाही. मारलं, भरलं, धरलं ऐकून तिने स्वतःच नियम लावला होता. म्हणजे ऐकलेलं ती दळते, चाळते, कुठे बसतंय ते लावून बघते. मावशींना म्हटलेलं वाक्यही तिने बरोबर माणसापाशी, बरोबर वेळी वापरलं होतं. व्याकरणात पैकीच्या पैकी!

शिवीगाळ निदान कानाला खटकते तरी. मध्यंतरी ती शाळेतल्या एका मैत्रिणीबद्दल सहज म्हणाली, "तिच्या डब्यातलं आपण खायचं नसतं." का, विचारलं तर म्हणे, "आपल्यात चालत नाही." या वाक्याला कुणी हसलं नाही, कुणी फटकाही दिला नाही. उलट घरातलं एक वडीलधारं माणूस कौतुकाने म्हणालं, "शहाणी आहे हो!" मीही त्या वेळी गप्प बसले. मावशींपुढे शोभा झाली तेव्हा माझा हात लगेच उठला, इथे तोंडही उघडलं नाही. याची लाज मला शिवीपेक्षा जास्त वाटते. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन लाडू जास्तीचे दिले आणि मैत्रिणीला एक द्यायला, तिच्या डब्यातलं आवर्जून खायला सांगितलं. त्यावर घरात जे बोलणं झालं, तेही तिने ऐकलंच असणार.

मावशी त्या दिवशी दोन तास दहा मिनिटांनी गेल्या. संध्याकाळी बघते तर पोरगी खोलीत बाहुलीला मांडीवर घेऊन बसलेली. पुढे तीन टेडी ओळीने मांडलेले, त्यांच्याकडे बघून गोड हसणं चालू, आणि रुमालाआड बाहुलीच्या दंडाला चिमटा.

मी म्हटलं, "अगं, दुखत असेल तिला."

"दुखतं," ती हळूच म्हणाली, "पण पाहुणे आहेत ना."