कॉर्न डॉग, आत्या आणि पाण्याचा हबका

‘घरच्या घरी कॉर्न डॉग: हॉटेलवाले कधीच सांगणार नाहीत अशी सहा गुपितं.’ (कॉर्न डॉग म्हणजे काडीला टोचलेलं सॉसेज मक्याच्या पिठाच्या घोळात बुडवून तळलेलं.) हा निरोप मला तीन ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आला आणि मग आमच्या आत्याने पाठवला, खाली हात जोडलेली दोन चित्रं लावून. तोवर मी हसून सोडून दिलं होतं. मग रविवारी इथे इंदुरातच सुदामा नगरात बहिणीकडे गेलो.

भाची तेरा वर्षांची. ओट्यावर कढई, कढईतलं तेल निळसर धूर ओकतंय, आणि ही एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र घेऊन उभी. ‘मामा, थांब, चौथं गुपित चाललंय.’ फुलपात्र मी अक्षरशः हिसकावून घेतलं, निम्मं पाणी माझ्याच शर्टावर सांडलं. गॅस बंद केला. ती दिवसभर रुसून बसली. बसू दे.

ज्यांच्याकडे निरोप पोचला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी ती गुपितं थोडक्यात सांगतो. एक, कॉर्न डॉग हा कोरियाचा पदार्थ. दोन, नावातलं कॉर्न म्हणजे कॉर्नफ्लोर, ते दोन वाट्या घ्या. तीन, सॉसेज फ्रीझरमधून काढून तसंच पिठात बुडवून तळा, रसाळ राहतं. चार, तेलातून भरपूर धूर निघू द्या म्हणजे पदार्थ तेल पीत नाही, आणि धूर फार झाला तर पाण्याचा हबका मारा. पाच, काड्या नसतील तर अगरबत्तीच्या उरलेल्या काड्या धुऊन वापरा. सहा, यात शाकाहारी काही होत नाही, शाकाहारी लोकांनी नाद सोडावा.

चौथ्यापासून सुरू करतो. बाकीच्या पाचांनी फार तर पदार्थ बिघडेल, हे चेहरा बिघडवेल.

इंदुरात बहुतेक घरांत रिफाइन्ड सोयाबीन तेल असतं. त्यातून धूर यायला लागतो तो साधारण २३० अंश सेल्सियसच्या आसपास. पाणी उकळतं १०० अंशांना. आता त्या तेलात पाणी पडलं की ते वर तरंगत नाही. तेलापेक्षा जड, म्हणून खाली जातं, आणि खाली जाता जाता त्याची वाफ होते. वाफ झालेलं पाणी मूळच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागतं. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर पाणी, त्याची वाफ ८ लिटर. ही वाफ तेलाच्या पोटातून बाहेर पडताना उकळतं तेल तुषारांसारखं उडवत निघते, आणि खाली गॅसची ज्योत पेटलेली असतेच. भाचीच्या हातात चमचा नव्हता, फुलपात्र होतं.

‘अरे, पण डोशाच्या तव्यावर आपण हबका मारतोच की!’ हे मला आत्याने फोनवर ऐकवलं. हो, मारतो. तव्यावर तेलाचा नुसता हात फिरवलेला असतो, पाणी चर्र होऊन उडून जातं, तवा जरा निवतो. बहुधा तिथूनच कुणाच्या तरी डोक्यात हे शिरलं असावं. पण तव्यावरचं पुसट तेल आणि कढईतलं लिटरभर तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वयंपाकघरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला मी सांगायचं?

तेल फार तापलं तर गॅस बंद करायचा आणि कढईला हात न लावता थांबायचं. बस. तेलाने पेटच घेतला तरी पाणी नाही. गॅस बंद करून कढईवर बाजूने सरकवत झाकण घालायचं आणि सगळं निवेपर्यंत ते उचलून बघायचं नाही. पेटलेली कढई धरून मोरीकडे पळणारे शूर लोक वाटेत ती स्वतःवर सांडतात. तळणाला बसण्याआधी कढईवर बसेल असं झाकण हाताशी काढून ठेवायचं. हे खरं गुपित, पण हे कुणी पुढे पाठवत नाही.

आता धुराबद्दल. इथे अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल आधी धुरावून घेण्याची चाल आहे, त्याचा उग्रपणा उतरतो म्हणून. आणि कोमट तेलात सोडलेला पदार्थ तेलकट होतो, हेही खरं. पण त्यावरून ‘जितका धूर तितकं कमी तेल’ हे कुठून निघालं? पीठ तेलात असतं तेव्हा त्यातल्या पाण्याची वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. तेल जास्त शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर, कवच निवताना. म्हणून काढल्याबरोबर झटकायचं आणि चाळणीत उभं ठेवायचं. ताटात तेलाच्या थारोळ्यात लोळत ठेवलंत तर धुराने काय होणार आहे? उलट बाहेरून काळं आणि आत पिठूळ, एवढंच पदरी पडेल.

मग तापमान किती? इथे माझ्याकडे एक कागद आहे, आणि निरोपातली निम्मी गुपितं त्या एका कागदाने निकालात निघतात. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या स्टॅनली जेंकिन्स नावाच्या माणसाने १९२७ साली एका तळणीच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९२९ मध्ये मंजूर झालं, क्रमांक १७०६४९१, कुणीही शोधून वाचावं. त्यात तो म्हणतो की जिन्नस काडीला टोचायचा, आपोआप फुगणाऱ्या पिठाच्या घोळात बुडवायचा आणि वनस्पती तेलात सुमारे ३९० अंश फॅरनहाइटला तळायचा. म्हणजे आपले १९९ अंश. यंत्र लावून तळणाराही धुरापर्यंत गेला नाही. घरी १७५ ते १८० पुरे. थर्मामीटर नसेल तर घोळाचा थेंब टाका. तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर तेल थंड, पडताक्षणी तपकिरी झाला तर गॅस कमी करा.

तर १९२९. आता पहिलं गुपित पुन्हा वाचा. कोरियाने त्यात मोझरेला घातलं, बटाट्याचे चौकोनी तुकडे चिकटवले, वर साखर भुरभुरवली, हे सगळं मान्य. पण तिकडे त्याला कॉर्न डॉग म्हणतही नाहीत, नुसतं हॉट डॉग म्हणतात. जसं आमच्या इंदुरात छप्पन दुकान या खाऊगल्लीत जॉनीच्या दुकानात हॉट डॉग मागितलं की पावात टिक्की घालून मिळते आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, तसंच.

सहावं गुपितही याच कागदाने उडतं. जेंकिन्सच्या यादीत सॉसेज आणि हॅमच्या जोडीला उकडलेली अंडी, चीज, पीच, अननस, केळी, चेरी, खजूर, अंजीर, स्ट्रॉबेरी असं सगळं आहे. पनीर नाही, कारण बिचारा बफेलोत राहत होता. पनीरची बोटाएवढी जाड कांडी काडीला टोचून करा, वर लिंबू आणि जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी चटकदार मसाला. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, भुरभुरतात तेच. मला तर सॉसेजपेक्षा पनीरचंच आवडतं.

कॉर्नफ्लोरच्या घोटाळ्यावर जरा थांबतो, कारण यात भल्याभल्यांची फसगत होते. आपल्या वाण्याकडे कॉर्नफ्लोर म्हणून जी पांढरीशुभ्र, चिमटीत करकरणारी पूड मिळते ते मक्याचं सत्त्व, मांचुरियनच्या रशाला दाटपणा आणायला घालतात ते. दोन वाट्या त्याचा घोळ केलात तर वर काचेसारखं कवच येईल आणि दातांची परीक्षा होईल. पाहिजे ते पिवळं मक्याचं पीठ, ज्याची माळव्यात थंडीत रोटी करतात. एक वाटी मक्याचं पीठ, एक वाटी मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन छोटे चमचे साखर, मीठ, एक अंडं किंवा तीन चमचे दही, आणि पाऊण वाटीच्या आसपास दूध. घोळ भज्यांच्या पिठापेक्षा दाट हवा. दहा मिनिटं झाकून ठेवा, मका पाणी पितो. मग लस्सीच्या उंच ग्लासात ओता. पसरट भांड्यात काडी लोळवत बसलात तर एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला टक्कल.

फ्रीझरचं गुपित चौथ्याचाच धाकटा भाऊ आहे. आधीच घोळात घालून अर्धवट तळून गोठवलेले तयार कॉर्न डॉग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे थेट तेलात जातात, ते बरोबर. पण नुसत्या गोठलेल्या सॉसेजवर बर्फ असतो. बर्फ म्हणजे पाणी, आणि पाण्याचं तेलात काय होतं ते वर आलंच आहे. शिवाय ओल्या अंगाला घोळ धरत नाही, तळताना सालीसारखा सुटतो. पूर्ण वितळू द्या, फडक्याने कोरडं पुसा, कोरड्या मैद्यात घोळवा, मग बुडवा. आपली कढई उथळ, त्यामुळे काडी आखूड घ्या आणि आडवा सोडून फिरवत राहा, तीन-चार मिनिटं.

राहिली अगरबत्तीची काडी. ती बारीक असते, वजनाने वाकते, आणि तिला रंग नि सुगंधी मसाला लागलेला असतो, धुतलं तरी. बांबूच्या जाड काड्या बाजारात जुडीने मिळतात. पण मला आश्चर्य काडीचं नाही, आत्याचं वाटतं. ती चातुर्मासात कांदालसूणसुद्धा खात नाही. देवघरातली काडी कोंबडीच्या सॉसेजला टोचायचा सल्ला तिने चाळीस माणसांना पाठवला. फोनवर तो ओळीने वाचून दाखवला तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाली, ‘मी चित्र बघून पाठवलं रे.’