वलय कणांचे की आम्लाचे?

कायटोसानच्या नॅनोकणांविषयी एक दावा सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण 99.9 टक्के जिवाणू मारतात, पेट्री डिशमध्ये चकतीभोवती दिसणारे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय हा त्याचा पुरावा आहे आणि पदार्थ नैसर्गिक असल्यामुळे तो निर्धोकही आहे, असे त्यात म्हटलेले असते. कायटोसान जिवाणूंना रोखू शकते, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो पुराव्याला.

प्रथम वलयाचे पाहू. कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते बहुधा 1 टक्का ॲसिटिक आम्लात विरघळवतात आणि त्यात सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट थेंबथेंब सोडून कण तयार करतात. ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, स्वतःही जिवाणूंची वाढ रोखते. कण धुऊन न घेता तोच द्रव 6 मिलिमीटरच्या कागदी चकतीवर टाकला, तर आम्लाचे लहान रेणू अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात, सहज पसरतात, आणि शंभर-दोनशे नॅनोमीटरचे कण मात्र चकतीपाशीच अडकून बसतात. त्यातच या चाचणीत वापरल्या जाणाऱ्या म्युलर-हिंटन अगारचा सामू (pH) 7.2 ते 7.4 असतो, आणि ज्या धनप्रभाराच्या जोरावर कायटोसान जिवाणूच्या ऋणप्रभारित पृष्ठभागाला चिकटते, तो सामू 6.5 च्या वर गेला की बराचसा ओसरतो. म्हणून शेजारी त्याच सामूचे नुसते आम्ल, नुसते ट्रायपॉलिफॉस्फेट आणि कण न केलेले कायटोसान अशा तीन चकत्या हव्यातच. प्रतिजैविकाची चकती ठेवून हे काम भागत नाही. चाचणी नीट लागली आहे, एवढेच ती सांगते. वलय उमटले नाही म्हणून कण निकामी ठरवणेही तितकेच चुकीचे, कारण जे पसरतच नाही त्याचे वलय कुठून येणार?

त्यापेक्षा ब्रॉथमधली, म्हणजे पातळ पोषक द्रवातली, चाचणी बरी. तिथे प्रति मिलिलिटर सुमारे 5 लाख जिवाणू घेऊन कणांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने निम्मे करत जातात. पण कणांमुळे द्रव आधीच गढूळ दिसतो, त्यामुळे केवळ गढूळपणा मोजणारे यंत्र इथे फसते. जिवाणू न घातलेली, फक्त कण असलेली चाचणी-पट्टीतली खाचही सोबत लागते आणि शेवटी द्रव प्लेटवर पसरून वसाहती, म्हणजे जिवंत जिवाणूंपासून उगवलेले ठिपके, मोजाव्याच लागतात. तिथेही एक मेख आहे. कायटोसान जिवाणूंचे पुंजके करते, आणि जिवंत जिवाणूंचा अख्खा पुंजका प्लेटवर एकच वसाहत म्हणून उगवतो, म्हणून मेलेले जिवाणू प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटतात.

आता 99.9 टक्क्यांचे. 10 लाखांतले 99.9 टक्के मेले तरी 1000 उरतात, आणि पोषक माध्यमात 20 मिनिटांना दुप्पट होणारा ई. कोलाय, कणांचा जोर संपला असेल तर, दहा दुपटींत, म्हणजे साडेतीन तासांच्या आत, पुन्हा 10 लाखांवर पोहोचतो. किती जिवाणूंपासून सुरुवात केली आणि किती वेळ संपर्क ठेवला, हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींचा पृष्ठभागही ऋणप्रभारित असतो, आणि जिवाणूला चिकटणारा धनप्रभार तिथेही चिकटू शकतो. म्हणून जिवाणू ज्या मात्रेला मरतात, त्याच मात्रेला रक्तपेशी फुटतात का, हे वेगळे तपासावे लागते.