आईला यंदा नाताळात ऊन हवे आहे

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिले, की यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही आईला घेऊन ओमानला जाण्याचा विचार करत आहोत. त्यावर दिवसभर जे उपदेश चालले आहेत ते वाचून माझे डोके तापले आहे. मुंबईच्या माणसांनी एवढे पैसे घालून पुन्हा उन्हातच का जायचे, नाताळ म्हणजे बर्फच, स्वित्झर्लंडला तोड नाही, वाळवंटात बघण्यासारखे काय असते, असे एकामागून एक. इतक्या जणांपैकी एकानेही आईला काय हवे आहे हे विचारले नाही, आणि मला राग आला आहे तो त्याचा.

मुंबईत ऊन आहे म्हणतात, पण ते कुणाच्या वाट्याला येते? आमचे घर दादरला, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या चाळीचा पुनर्विकास होऊन तिथे टॉवर उभा राहिला, आणि आईच्या खोलीत हिवाळ्यात सकाळी पलंगापर्यंत येणारे ऊन बंद झाले. तिला खाली घेऊन जावे तर आवारात गाड्या, बाहेर बांधकामाची धूळ, आणि डिसेंबरातली आपली हवा कशी असते हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला ऊन भेटते ते स्टेशनच्या पुलावर, घामाच्या धारांसह. निवांत बसून ऊन खाण्याची जागा या शहराने म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवलेली नाही. डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात आणि आम्ही त्या आणतो.

बर्फाचा अनुभव नाही म्हणून मी असे बोलते आहे, असेही कुणी समजू नये. काही वर्षांपूर्वी मामेभावंडांनी ठरवलेल्या सहलीबरोबर मी आणि आई डिसेंबरात स्वित्झर्लंडला गेलो होतो. ल्युसर्नला साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागला, तेव्हा बसच्या काचेतून बाहेर बघत तिने विचारले, “एवढ्यात दिवेलागण? मग इथली माणसे दिवसभराची कामे उरकतात तरी कधी?” टिटलिस शिखरावर, तीन हजार मीटर उंचीवर, सगळे बाहेर बर्फात फोटो काढत होते आणि ती दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून आत खुर्चीवर बसून होती, कारण गारठ्याने तिचे गुडघे धरले होते. तिने तक्रार केली नाही. मात्र त्या सहलीबद्दल कुणीही विचारले, तर ती आजही एकच गोष्ट सांगते. एका दुपारी धुके वर गेले, तळ्याकाठच्या एका बाकावर ऊन पडले, आणि तिने शाल बाजूला ठेवून तिथे बसून घेतले. थोड्याच वेळात गाइडने सर्वांना बसमध्ये बोलावले.

एवढ्या महागड्या सहलीतून तिच्याजवळ उरले ते त्या बाकावरचे ऊन. हे ठाऊक असूनही मी तिला पुन्हा बर्फात न्यावे, असे माझेच नातेवाईक मला सांगत आहेत!

बर्फ सुंदर असतो, हे मान्य. तरुण जोडप्यांनी आणि लहान मुले असलेल्यांनी अवश्य जावे. आईला युरोप दाखवायचाच असेल तर तो उन्हाळ्यात, आणि माझ्या मुलाला सलग रजा मिळते ती फक्त नाताळात. शिवाय २५ डिसेंबरला तिकडे सारे घराघरांत असते, दुकाने बंद, लंडनमध्ये तर त्या दिवशी भुयारी रेल्वेही धावत नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन हॉटेलच्या खोलीत बसायचे का? नाताळची रोषणाई बघायला आम्ही वांद्र्याला जातोच, माउंट मेरीला मेणबत्ती लावतो, हिल रोडवर चांदण्या विकत घेतो. त्यासाठी परदेशाची गरज नाही.

राग बाजूला ठेवून एक गोष्ट मात्र सांगते, कारण या आठवड्यात एका प्रवासी कंपनीने आम्हाला ‘बारा महिने स्वच्छ ऊन’ असे म्हणून डिसेंबरातले बाली विकण्याचा प्रयत्न केला. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि तिथे डिसेंबर हा पावसाळ्याचा महिना असतो. मॉरिशसला त्या वेळी उन्हाळा असतो आणि तिथल्या मराठी मंडळींमुळे तो देश मला फार जवळचा वाटतो, पण नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचाही हंगाम आहे आणि विमानात आईला सहा-एक तास बसवणे मला कठीण वाटते. श्रीलंकेत तर एकाच बेटावर दोन ऋतू असतात. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि पूर्वेकडे त्रिंकोमालीच्या बाजूला पाऊस पाडतात, तर नैर्ऋत्येकडचा गॉल आणि बेंटोटाचा किनारा तेव्हा कोरडा होऊ लागतो. थायलंडमध्येही फुकेत आणि क्राबीला डिसेंबरात ऊन असते, पण पलीकडच्या आखातातल्या कोह सामुईला त्या महिन्यातही पाऊस गाठू शकतो. आपण कोकणात जाताना पावसाचा अंदाज घेतो, मग परदेशी जाताना जाहिरातीवर का विसंबतो?

ओमान मी निवडले ते यामुळे. डिसेंबरात मस्कतला दुपारचे तापमान २५-२६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे त्या दिवसांतल्या मुंबईपेक्षा कमीच, आणि पाऊस क्वचितच. विमानप्रवास तीनेक तासांचा. २५ डिसेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी नसते, त्यामुळे नाताळ म्हणून काही बंद नसते. मस्कतमधल्या मत्रह भागात समुद्राला लागून लांब, सपाट पदपथ आहे, जिथे आई घाई न करता बसू शकेल, आणि बसमध्ये चला म्हणणारे कुणी नसेल. जुन्या मस्कतमध्ये शंकराचे मोतीश्वर मंदिर आहे, हे सांगितल्यावर तिने लगेच साडी कोणती घ्यायची ते ठरवून टाकले. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता हे ऐकून तर ती थक्क झाली. आता रियाल २०० रुपयांहून महाग आहे, खर्च होणार, तेही मान्य.

आता लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. ग्रुपवरच्या मंडळींना आईबद्दल प्रेम आहे याविषयी मला शंका नाही. आमच्या पिढीने परदेश म्हटला की बर्फाचेच चित्र बघितले आहे, आणि ते तिला दाखवावे असे त्यांना मनापासून वाटते. पण आई ८० च्या घरात आहे. तिचा दिवस मोठा आणि उजेडाचा असावा, एवढेच मला हवे आहे.

ओमानला वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे. मस्कतहून निझवाला दीड-दोन तासांचा रस्ता आहे असे कळते. तिथल्या किल्ल्यात गुडघेदुखी असलेल्या माणसाला पायऱ्या न चढता कुठपर्यंत जाता येते, आणि बाजारात चाकाची खुर्ची सहज फिरते का, हे मला तिकिटे काढण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे.