जुन्या शववाहिकेत डिझेल इंजिन: या सल्ल्याचा एकेक मुद्दा तपासू

जुन्या अमेरिकन शववाहिका जपणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘कॅडिलॅकचं जुनं व्ही-८ काढा आणि कमिन्स कंपनीचं ५.९ लिटर किंवा जनरल मोटर्सचं (जीएम) ६.२ लिटर डिझेल बसवा. अ‍ॅव्हरेज दुप्पट होईल, ओढ वाढेल, इंजिन जन्मभर पुरेल, अंत्ययात्रेत गाडी तापणार नाही आणि काम दोन सुट्ट्यांत उरकेल.’ असं वाचून कित्येक जण धडधाकट इंजिन उतरवून ठेवतात आणि गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये अर्धवट पडून राहते. त्यात खरं किती, ते बघू.

आधी अ‍ॅव्हरेज. दावा जसाच्या तसा मान्य करू. गाडी गॅलनला १० मैल देते, डिझेलवर २० देईल. छंद म्हणून ठेवलेली शववाहिका वर्षाला फार तर १,००० मैल चालते असं धरा. पेट्रोल लागेल १०० गॅलन, डिझेल ५०. दोन्हींचा भाव गॅलनला ४ डॉलर धरला तर वर्षाला २०० डॉलर वाचले. अमेरिकेत डिझेल बहुतेक वेळा साध्या पेट्रोलपेक्षा महागच असतं, म्हणजे प्रत्यक्षात बचत याहून कमी. आता इंजिन, माउंट, दुसरं इंजिन मूळ गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट, एक्झॉस्ट आणि इंधनाची परतीची लाइन, सगळं मिळून ५,००० डॉलर लावा. हा आकडा मी मुद्दाम कमी घेतलाय. तरीही पैसे वसूल व्हायला २५ वर्षं लागतात. रोज शेकडो मैल धावणाऱ्या ट्रकला जो हिशेब लागू पडतो, तो या गाडीला पडत नाही.

दुसरा मुद्दा ओढीचा. ‘एवढ्या जड गाडीला डिझेलचाच टॉर्क हवा,’ असं म्हणतात. कॅडिलॅकने १९६८ मध्ये आणलेलं ४७२ घनइंची इंजिन ५२५ पाउंड-फूट टॉर्कचं म्हणून विकलं गेलं, १९७० चं ५०० घनइंची तर ५५० चं. हे आकडे जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीचे, म्हणजे इंजिन जोडउपकरणांशिवाय मोजलेले, म्हणून फुगलेले आहेत, हे खरं. १९७२ पासून नेट, म्हणजे जोडउपकरणांसकट मोजलेले आकडे छापले जाऊ लागले, तेव्हा तेच ४७२ साधारण ३६५ वर आलं. सुरुवातीच्या डॉज ट्रकमधलं कमिन्स ४०० चं आणि १६० अश्वशक्तीचं होतं. म्हणजे फरक एक-दशांशाच्या आसपास. जीएमचं ६.२ तर सुरुवातीला २४० च्या घरातलं, म्हणजे ते बसवलं तर ओढ चक्क घटते. कॅडिलॅकचं इंजिन मुळात कमी आरपीएमवर जड गाडी सहज हलवायलाच बनवलेलं आहे.

तिसरा दावा सगळ्यात घातक आहे: ‘अडॅप्टर प्लेट लावा, गिअरबॉक्स तोच चालतो.’ या गाड्यांत टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याच्या बाजूला डबीसारखा एक व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो आणि त्यातून एक नळी इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला जाते. पाय हलका असला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त, मग गिअर लवकर आणि मऊ पडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम घटतो, गिअरबॉक्समधला तेलाचा दाब वाढतो आणि गिअर उशिरा, घट्ट पडतो. पेट्रोल इंजिनात हे सगळं थ्रॉटलच्या झडपेमुळे घडतं. या डिझेलमध्ये तशी झडपच नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमही नाही. नळी मोकळी सोडली तर गिअरबॉक्सला वाटतं पाय कायम तळापर्यंत दाबलेला आहे. प्रत्येक गिअर धक्का देऊन पडतो. ती थेट व्हॅक्यूम पंपाला जोडली तर उलट होतं. दाब कायम कमी राहतो, आणि चढावर ताण आला की क्लच प्लेट घसरून जळतात. जीएमने ६.२ सोबत हाच गिअरबॉक्स दिला, तेव्हा पायाच्या दाबाप्रमाणे व्हॅक्यूम कमीजास्त करणारी वेगळी झडप इंधन पंपावर बसवली होती. सल्ला देणारे तिचं नावही काढत नाहीत. शिवाय मूळ गिअरबॉक्स पूर्ण पाय दाबल्यावर ज्या आरपीएमला गिअर बदलतो, तिथवर कमिन्स पोचतच नाही. त्याचा गव्हर्नर, म्हणजे आरपीएमला लगाम घालणारा भाग, अडीच हजारांच्या आसपासच हात आखडता घेतो.

ब्रेकचंही तेच. पॉवर ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरच चालतो. कॅडिलॅकचा पार्किंग ब्रेक आपोआप सोडणारी यंत्रणाही त्यावरच. म्हणून चांगला व्हॅक्यूम पंप लावावाच लागतो. तीन टनांच्या आसपासची गाडी विनाबूस्टर ब्रेकवर रस्त्यावर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, आणि या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवणार नाही.

वजनाचंही कुणी बोलत नाही. कमिन्स सुमारे ५०० किलोचं, कॅडिलॅकचं इंजिन ३०० च्या आतबाहेर. हा जादा भार पुढच्या स्प्रिंगवर, बॉल जॉइंटवर आणि पुढच्या ब्रेकवर येतो. कमिन्स उंचही आहे, त्यामुळे बॉनेट, खालची तेलाची टाकी (संप) आणि स्टिअरिंगच्या जोडण्या यांत जागेची मारामारी होते.

‘डिझेल म्हणजे टिकाऊ’ हे सरसकट विधान तर जीएमनेच खोटं पाडलं. १९७८ ते १९८५ या काळातलं ओल्ड्समोबिल या जीएमच्याच ब्रँडचं ५.७ लिटर डिझेल कॅडिलॅकमध्येही मिळायचं. कॉम्प्रेशन २२.५ : १ पर्यंत चढवलं, पण सिलिंडर हेड आवळणाऱ्या बोल्टची मांडणी पेट्रोल इंजिनाच्याच धर्तीवर ठेवली. इंधनातलं पाणी वेगळं काढायची धड सोयही नव्हती. बोल्ट ताणले, हेड गॅस्केट उडाली, इंधन पंप बिघडले. कमिन्स मजबूत आहे यात वाद नाही, पण गाडी जर वर्षाला हजार मैल चालणार असेल, तर ती मजबुती वापरणार कुठे?

तापण्याचा मुद्दा मात्र खरा. आयडलवर डिझेल फार कमी इंधन जाळतं, म्हणून उष्णताही कमी. पण तासन्‌तास आयडलवर थंड चाललेल्या डिझेलमध्ये काजळी आणि न जळलेलं इंधन साचतं, हेही सांगायला हवं. आणि पेट्रोल इंजिन तापतं ते बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमुळे, थकलेल्या फॅन क्लचमुळे किंवा फॅनभोवतीचं कवच (फॅन श्राउड) कुणीतरी काढून ठेवल्यामुळे. हे तिन्ही दुरुस्त करायला इंजिन बदलावं लागत नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. मिलर-मीटिअर, सुपीरियर, हेस अँड आयझेनहार्ट या ओहायोतल्या कारखान्यांनी ही गाडी एकाच कामासाठी बांधली: माणसाला शेवटच्या जागी शांतपणे न्यायचं. शवपेटीच्या फळीवरचे रोलर, पेटी जागेवर धरणारे खुंटे, मोठमोठ्या काचा, पडद्यांचे दांडे, हे सगळं डिझेलच्या धडधडीने खडखडायला लागतं. थडग्याशी उभ्या असलेल्या घरच्यांना प्रार्थनेऐवजी ते ऐकू यावं, हे मला मान्य नाही. गाडी आता फक्त प्रदर्शनात जात असली, तरी तिची शांतता हाच तिच्या बांधणीचा गाभा आहे.

मूळ इंजिन थकलं असेल तर पहिल्यांदा टायमिंग कव्हर उघडा. ४७२ आणि ५०० च्या वरच्या टायमिंग गिअरचे दाते नायलॉनचे असतात. वयाने ते तुटतात, तुकडे ऑइल पिकअपच्या जाळीत अडकतात आणि लोक म्हणतात ‘इंजिन गेलं.’ पूर्ण स्टीलचा गिअर-चेन सेट मिळतो. अ‍ॅव्हरेजच हवं असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन मंद फिरू देणारा वरचा गिअर असलेला ४एल८०-ई गिअरबॉक्स बसवा. हायवेवर आरपीएम उतरतात आणि आवाजही वाढत नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनी रबरं खराब होण्याची भीती असेल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली रबरं बदलून घ्या.

मूळ इंजिन आधीच हरवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डिझेल बसवायला माझी हरकत नाही. फक्त फायरवॉल आणि चॅसिस कापू नका, माउंट बोल्टने बसवा. आणि इंजिन हाताशी असूनही बदल करायचाच असेल, तर उतरवलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेल सोडा, सगळी तोंडं झाका आणि गिअरबॉक्ससकट ते गाडीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या मालकाला ते परत बसवायचं असेल.