कोठारातला स्टुडिओ आणि पंधरा सेकंदांचा मुखडा

पुण्यात कोथरूडला राहणारा माझा भाचा गाणी रचतो. गेल्या महिन्यात त्याने फोनवर विचारले, "आत्या, तुमच्याकडे तरी कोणी अख्खा अल्बम ऐकतं का गं?" त्याची सात गाण्यांची एक सलग मालिका तयार होत आहे. ती बाजूला ठेवून एकच गाणे द्यावे आणि मुखडा पहिल्या पंधरा सेकंदांत आणावा, असे एका ध्वनिमुद्रण कंपनीने त्याला सुचवले होते. यावर आमच्या कुटुंबात जी चर्चा झाली, तीच महाराष्ट्रात सर्वत्र होते. एक बाजू म्हणते की रसिकांकडे सवड उरलेली नाही, तर दुसरी म्हणते की कलावंतांकडेच दम उरलेला नाही. दोन्ही बाजूंचे बोलणे तयार गाणे ऐकणाऱ्याविषयी चालते. ते गाणे ज्या तासांत तयार होते, ते तास कोणाच्या मालकीचे असतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मुळाशी असल्यासारखा वाटतो, आणि तसे वाटण्याचे कारण माझ्या घरापासून फार दूर नाही.

मी लंडनच्या आग्नेय टोकाला राहते. जवळच वेलिंग नावाचे उपनगर आहे. तिथल्या ईस्ट विकहम फार्म या जुन्या घरात केट बुश ही गायिका वाढली, आणि त्याच घरामागच्या कोठारात तिने 'हाउंड्स ऑफ लव्ह' हा अल्बम घडवला. तो १९८५च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. आर्ट रॉक म्हणजे रॉक संगीताला नाट्य, काव्य आणि ध्वनिप्रयोग यांची जोड देणारी वाट. या वाटेवरचे हे एक शिखर मानले जाते.

त्याआधीची परिस्थिती तिला अनुकूल नव्हती. १९७८मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वतः लिहिलेल्या गाण्याने ती ब्रिटनमधल्या गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती; पण १९८२चा 'द ड्रीमिंग' हा तिने पूर्णपणे स्वतः निर्माण केलेला अल्बम अपेक्षेइतका खपला नाही. तो लंडनमधल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत झाला होता आणि तिथे प्रयोगाच्या प्रत्येक तासाचे भाडे चढत होते. तिची ध्वनिमुद्रण कंपनी अस्वस्थ झाली. अशा वेळी बहुतेक कलावंत सोपे काही तरी देऊन पत सावरतात. केट बुशने १९८३मध्ये घरच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला.

या निर्णयाचा परिणाम गाण्यांच्या पोतावरच झाला. एरवी गायक घरी कच्चा डेमो करतो, मग भाड्याच्या स्टुडिओत ते गाणे पुन्हा पहिल्यापासून ध्वनिमुद्रित होते आणि पहिल्या सुचण्यातली धग या दुसऱ्या फेरीत बऱ्याचदा निवते. इथे डेमोच जपले गेले आणि त्यांच्यावर महिनोन्महिने थर चढत गेले. फेअरलाइट या ऑस्ट्रेलियन बनावटीच्या यंत्रावर कोणताही खरा आवाज साठवून तो सुरांच्या पट्ट्यांवर वाजवता येत असे. अशा यंत्राशी मैत्री व्हायला लागतो तो मोकळा वेळ, आणि तो आता तिच्या हातात होता. तिचा सहकारी डेल पामर याने ड्रम मशीनवर बांधलेला ठेका आणि त्यावर फेअरलाइटची ती हुंकारासारखी धून, एवढ्यावर या अल्बममधले 'रनिंग अप दॅट हिल' हे गाणे उभे आहे. आयरिश वाद्यांसाठी ती डब्लिनला गेली. तिची आई आयरिश होती, त्यामुळे ते सूर बाहेरून आणून चिकटवल्यासारखे वाटत नाहीत.

अल्बमच्या तबकडीची दुसरी बाजू मात्र मला सर्वांत जवळची आहे. 'द नाइन्थ वेव्ह' या सात गाण्यांच्या मालिकेत एक स्त्री रात्री समुद्रात एकटी तरंगते आहे. झोप लागली तर ती बुडेल, म्हणून ती जागी राहण्यासाठी झगडते. एका गाण्यात ती मनाने घरी पोहोचते. घरचे माणूस वाट पाहत बसलेले तिला दिसते, पण ती त्याला दिसत नाही. घर सोडून समुद्रापलीकडे राहणाऱ्या माणसाला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही. पण आधीची गाणी वगळून ते एकटे ऐकले, तर त्यातली थंडी अंगाला लागत नाही. पंधरा सेकंदांच्या हिशोबात जे हरवते, ते हेच.

२०२२मध्ये एका दूरचित्र-मालिकेमुळे 'रनिंग अप दॅट हिल' सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले. तेव्हा भारतातल्या मित्रांनी मला लिहिले की बघ, शेवटी सगळे नशिबावर असते. मला हे पटत नाही. नशिबाने ते गाणे नव्या पिढीपुढे ठेवले, हे खरे. पण ते तिथे टिकले ते त्याच्या घडणीमुळे. कंपनीला आधी दुसरेच गाणे प्रसिद्ध करायचे होते. हेच आधी यावे हा आग्रह तिचा होता. त्याच वेळी शीर्षकात देवाचे नाव आले तर काही देशांतली आकाशवाणी केंद्रे ते वाजवणार नाहीत, ही कंपनीची भीती ओळखून तिने शीर्षक बदलले. कुठे नमते घ्यायचे हे तिला ठरवता आले, कारण बाकीचे तिच्या हातात होते.

हे सांगताना इंग्लंडचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. केट बुशचे वडील डॉक्टर होते, घराला कोठार होते, आणि कंपनीने तिला शाळकरी वयातच करारबद्ध केले होते. इथल्याही बहुतेक तरुण कलावंतांना यातले काहीच मिळत नाही. उलट, आपल्याकडे 'गीतरामायण' घडले ते कोणाच्या खासगी स्टुडिओत नव्हे. पुणे आकाशवाणीने १९५५–५६मध्ये वर्षभर दर आठवड्याला एक गीत प्रसारित केले आणि गदिमा-बाबूजींकडून छप्पन गीते झाली. तिथे सवड नव्हती, दर आठवड्याची घाई होती. मात्र वर्षभराची हमी होती. पहिले गीत किती जणांना आवडले यावर दुसऱ्याचे भवितव्य अवलंबून नव्हते. कोठार आणि आकाशवाणी या दोन अगदी वेगळ्या व्यवस्था, पण दोन्हींनी कलावंताला पुढच्या कामाची शाश्वती दिली.

म्हणूनच मायदेशातल्या चर्चेत मला एक उणीव जाणवते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला, आणि ते फार आवश्यक होते; पण तो वाटा गाणे जन्मल्यानंतरचा. मराठी चित्रपटाला शासनाचे अनुदान आहे. सात गाण्यांच्या मालिकेवर वर्षभर काम करू पाहणाऱ्या तरुणाला एखाद्या विद्यापीठाने, नाट्यगृहाने किंवा आकाशवाणी केंद्राने खोली आणि बारा महिने द्यावेत, अशी मागणी मी कोणाकडून ऐकत नाही. ती व्हायला हवी, आणि रसिकांच्या सवडीवर वाद घालण्याआधी व्हायला हवी.

भाच्याला मी 'द नाइन्थ वेव्ह' पाठवले आणि दिवा मालवून सलग ऐकायला सांगितले. त्याने चार दिवसांनी स्वतःची पहिली चार गाणी मध्ये जराही न थांबता जोडून पाठवली. कंपनीला त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पाचव्या गाण्यासाठी त्याला सारंगी हवी आहे, आणि मित्राची खोली त्याला फक्त रविवारी मिळते.