वेगळ्या खड्ड्याने नॉइज जात नाही

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या कंट्रोल पॅनेलवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सुरू झाला की सेन्सरचं रीडिंग नाचतं, कारण म्हणे नॉइजला (तारांत घुसणाऱ्या नको त्या विद्युत लहरींना) जमिनीत जायला वाट नसते. म्हणून पीएलसीसाठी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) वेगळा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, करा, मीठ-कोळसा घालून रोध १ ओहमखाली आणा, तो मुख्य अर्थिंगला जोडू नका. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) कायम एकाच टोकाला अर्थ करा. तरी भागलं नाही तर पीएलसीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

घोळ पहिल्याच वाक्यात आहे. जमीन म्हणजे नॉइजचा शोषखड्डा नव्हे. प्रवाह जिथून निघतो तिथेच परततो. ड्राइव्हचे आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. प्रत्येक झटक्यासरशी केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून मोटरच्या बॉडीवर प्रवाह येतो, आणि त्याला ड्राइव्हकडेच परत जायचं असतं. शील्डवाल्या मोटर केबलने जवळची वाट दिली नाही, तर तो सेन्सरच्या केबलमधून वाट काढतो. विमानाला कुठे असतो अर्थ पिट?

आता तो १ ओहम. सरळ तारेचं इंडक्टन्स (वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री असतं. पॅनेलपासून खड्ड्यापर्यंत १० मीटर तार असेल, तर १ मेगाहर्ट्झच्या नॉइजला ती तारच सुमारे ६३ ओहम अडवते. मग खड्डा १ ओहमचा असला काय नि ५ चा असला काय! (मे महिन्यात मुरूम वाळला की १ चा तो राहतही नाही. मिठाने इलेक्ट्रोड गंजतो, ते वेगळंच.)

'मुख्य अर्थिंगला जोडू नका' हे मात्र जिवावर बेतणारं आहे. त्यांचा १ ओहमचा खड्डा धरा, ट्रान्सफॉर्मरकडचाही १ ओहमच धरा. फेज पॅनेलच्या बॉडीला टेकला तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला किमान १६० लागतात. तो तापून पडेपर्यंत बॉडीवर ११५ व्होल्ट! पावसाळ्यात जवळ वीज कोसळली, तर दोन खड्ड्यांमधला हजारो व्होल्टचा फरक थेट पीएलसीच्या इनपुट कार्डावर येतो. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात इक्विपोटेन्शियल बाँडिंगवर (सगळी अर्थिंग एकमेकांना जोडण्यावर) भर आहे तो उगाच नाही.

शील्डचा मुद्दा अर्धा खरा. ५० हर्ट्झची गुणगुण आणि लांबलचक अ‍ॅनालॉग सिग्नल असेल तर एक टोक ठीक. ड्राइव्हच्या मोटर केबलला मात्र दोन्ही टोकं हवीत, तीही क्लॅम्पने गोल आवळून. शील्ड पिळून केलेली पाच सेंटिमीटरची शेपटी ३० मेगाहर्ट्झला नऊ-दहा ओहम होते. क्लॅम्पखालचा रंग खरवडायला विसरू नका.

फॉइल? ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे ते नसल्यासारखंच. उलट नागपूरच्या ४५ अंशांत पीएलसीच्या हवेच्या फटी तेवढ्या बुजतील.