‘भुसावळच्या का? म्हणजे…’

पुण्यातला माझा एक मित्र, कॉलेजपासूनचा, मराठी कादंबरीवर मनापासून चिडलेला असतो. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालं. दोन्ही वेळा त्याचा लांबलचक मेसेज आला. मराठीला का नाही? त्याचं उत्तर ठरलेलं आहे: आपले लेखक गाव, जात, भावकी, आडनाव यातून बाहेरच पडत नाहीत, निखळ माणसाबद्दल कोणी लिहीत नाही. आणि शेवटी हमखास, ‘तू तर तिकडे राहतेस, तुला हे सगळं किती लांबचं वाटत असेल.’

मी सिॲटलजवळ बेलव्ह्यूला चौदा वर्षं राहते आहे. लांबचं वाटत नाही. का वाटत नाही, ते फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी वाचकगटाची बैठक होती. महिन्याला एक पुस्तक आणि प्रत्येकानं करून आणलेला एक पदार्थ, असा आमचा शिरस्ता. मी भरीत नेलं होतं. इथली वांगी मोठी, काळी, पाणचट. बामणोदच्या वांग्याची चव त्यांना येत नाही, पण कांद्याची पात आणि हिरवी मिरची मनासारखी मिळाली की निभावून जातं. वाढून घेता घेता एका बाईंनी विचारलं, “भुसावळच्या का? म्हणजे लेवा पाटील?” मी हो म्हटलं. त्यांच्या नात्यात कोणाची तरी सून लेवा होती, त्या खूश झाल्या, आणि बोलणं भरताच्या फोडणीवर गेलं. मला त्या उत्तराची काहीच किंमत मोजावी लागली नाही.

मग त्या शेजारच्या मुलाकडे वळल्या. नांदेडचा, मास्टर्स करायला आलेला, गटात पहिल्यांदाच आलेला. “आणि तुझं नाव काय रे?” त्यानं नाव सांगितलं. “हो, पण पूर्ण?”

“मराठवाड्यातला आहे मी, काकू,” तो म्हणाला, आणि टेबलावरचा जग उचलून पाणी आणायला गेला. जग काठोकाठ भरलेला होता.

त्याची जात मला माहीत नाही. मी विचारलेली नाही, विचारणारही नाही. बाई मनानं वाईट नाहीत. हिमवादळात माझ्या मुलीला शाळेतून आपल्या घरी नेऊन जेवू घालणाऱ्या त्याच. पण त्या मुलाचा चेहरा मी पाहिला होता. त्या दिवशी पुढे दोन तास चर्चा झाली, त्यात तो एक शब्द बोलला नाही.

चर्चेचं पुस्तक होतं ‘कोसला’. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, तिथे कशातच जीव रमत नाही, आणि हात हलवत गावी परततो. मी ती अकरावीत वाचली आणि ती आपलीच गोष्ट आहे असं वाटलं. भुसावळहून पुण्याला आल्यावर माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, तेव्हा तर ती मला तोंडपाठ व्हायची बाकी होती. सुधाकर मराठे यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद, ‘ककून’, मी इथल्या एका सहकाऱ्याला दिला होता. तो याकिमाचा, घरची सफरचंदाची बाग. बापाशी होणारी पांडुरंगची पैशांवरून भांडणं वाचून तो म्हणाला की हे आमच्या जेवणाच्या टेबलावरचंच आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, ती पानं वाचून झाल्यावर दोन दिवस तो पुस्तकाविषयी बोललाच नाही. खानदेशातलं घर त्यानं कधी पाहिलेलं नाही, तरी कुठे अडला नाही. माझ्या मित्राला हवा असलेला निखळ माणूस त्याला सांगवीतच भेटला.

इथवर मी खूश होते. पण त्या बैठकीनंतर पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तेव्हा वेगळंच काही नजरेत भरलं. पांडुरंगला ‘मी कोण’ हा प्रश्न इतकी वर्षं घोळवत बसता येतं, कारण मागे बापाची जमीन आहे, घर आहे, परतायला गाव आहे. वर्षं वाया घालवायची मुभा त्याला आहे. त्याच्या बहिणींना ती कोणी दिली नसती. मलाही मिळाली नाही. मी नापास झाले असते तर थेट स्थळं बघायला सुरुवात झाली असती.

त्याच १९६३ सालचं दुसरं पुस्तक म्हणजे बाबूराव बागुलांचा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती!’. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. शिकलेला, नव्या देशावर विश्वास असलेला. कोणी जात विचारली की तो आपण मुंबईचे आहोत असं सांगतो. पुढे जात कळते आणि तो मार खातो. पांडुरंग स्वतःला विचारतो तोच प्रश्न या तरुणाला दुसरे विचारतात, आणि खोली, नोकरी, जीव सगळं त्या उत्तरावर टांगलेलं असतं. दोघंही एकाच काळातले, एकाच भाषेतले. ‘मराठवाड्यातला आहे मी, काकू’ हे वाक्य मी दोन महिने कुठे ऐकलंय म्हणून आठवत होते, ते इथे सापडलं.

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिॲटलच्या नगर परिषदेनं जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी संमत केला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्मानं पुण्याच्या. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतले कितीतरी जण दुखावले गेले. इथे कुठे आहे जात, आम्ही तर कधी पाळली नाही, उगाच बदनामी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं असंच विधेयक संमत केलं, ते ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी नाकारलं, तेव्हा त्यांनाच हायसं वाटलं. ‘आम्ही पाळत नाही’ हे त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्यांना ती दिसत नाही, एवढं खरं आहे. मलाही भरताच्या पातेल्याशी उभी असताना माझ्यापुरती दिसली नव्हती.

म्हणून मित्रा, निखळ माणसाची मागणी मला पटत नाही. आडनाव सांगितल्यावर ज्याला पुढचा प्रश्न येत नाही, तोच स्वतःला निखळ समजू शकतो. तू आणि मी दोघंही त्यात आलो. तुझ्या तक्रारीतला एक भाग मला मान्य आहे: दुष्काळ, सरपंच, सावकार, शेवटी दोर, असा साचा घेऊन लिहिलेल्या कादंबऱ्या मीही अर्ध्यावर सोडल्या आहेत. त्यातली माणसं जातीची असतात आणि बाकी कशाचीच नसतात. पण उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक बघ, १९६० सालची. गरिबी, वऱ्हाडी बोली, नवऱ्याचा महारोग, यातलं काहीही काढलंस तर कौतिक उरत नाही, आणि हे सगळं असूनही ती कोणाचा नमुना होत नाही. गौरी देशपांडे यांच्या नायिका तर जपानपर्यंत जातात, प्रेमात पडतात, आणि तिथेही आपलं शिकलेलं, सुस्थितीतलं घर बरोबर घेऊन वावरतात. गौरीबाई ते लपवत नाहीत, म्हणून त्यांचं परदेश मला खरं वाटतं.

गटात मी सुचवलं की ओळख करून देताना नुसतं नाव सांगायचं, बाकी ज्याला वाटेल त्यानं वाटेल तेव्हा. व्हॉट्सॲपवर तीन आठवडे वाद झाला. दोघं गट सोडून गेले, बाई गेल्या नाहीत. त्यांनी मला वेगळा फोन केला आणि विचारलं, “त्या दिवशी त्याला लागलं का गं?” मी हो म्हटलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मुलाला मी स्वतः फोन केला. पुढच्या बैठकीत बागूल वाचायचं ठरलंय, येशील का, म्हणून. पुस्तक आहे माझ्याकडे, तो म्हणाला, वडिलांची प्रत आहे, येताना नांदेडहून आणली होती. येईन की नाही ते मात्र त्यानं अजून कळवलेलं नाही.